गुरुजींचा खिळा

अड्याळच्या डोमा सुतारानं दुकानावर पाटी लावली होती : ‘खिळा दाखवा, पलंग फुकट न्या.’ पाडलेल्या घरांचं सागवान आणायचं, त्यातले जुने खिळे एकूण एक उपटायचे आणि नुसत्या खाचा नि बांबूच्या मेखांवर पलंग उभा करायचा, हा त्याचा बाणा. पाटी रंगवताना त्याची मुलगी प्रतिक्षा म्हणालीही होती, “बाबा, ही फुशारकी महागात पडन.” पण ऐकेल तो डोमा कसला!

निवृत्त मास्तर भय्याजी गुरुजींनी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, तेव्हा निघालेली चौकट डोमाला देऊन पलंग सांगितला. सोळा दिवसांनी ते न्यायला आले. सोबत बायको सुलोचनाबाई, आणि खिशात जुन्या स्पीकरचं लोहचुंबक. पोरांची दप्तरं तपासायची खोड काही गेली नव्हती. चुंबक पायांवरून फिरलं, फळ्यांवरून फिरलं. डोमा मिशीतल्या मिशीत हसत होता. उशाच्या पट्टीशी मात्र ते टक्‌कन चिकटलं.

“डोमा, हे काय होऊन राहिलं?”

डोमाच्या तोंडचं पाणी पळालं. पलंग गेला तर गेला, पण उद्या अख्खा बाजार हसणार. त्यानं पटाशीनं लाकूड जरासं कोरलं. आत मुंडकं तुटलेला, काळा पडलेला खिळा!

“खिळा तर हाये, गुरुजी,” तो पडेल आवाजात म्हणाला. “पलंग घेऊन जा. बोललो ते बोललो.”

सुलोचनाबाई वाकून पाहू लागल्या आणि एकदम खुदकन हसल्या. “अवो, हा तर तुमीच ठोकला होता! लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, माझा आरसा टांगाले. तीन खिळे वाकवले, चवथा हा. मामंजी रागावले म्हनून मुंडकं तोडून वरून लांबी भरून बुजवला!”

गुरुजींचे कान लाल झाले. “एवढ्या वर्साचं आता कायले काढतं?”

“त्याच्यानंतर माझ्यासाठी एक तरी ठोकला का तुमी?”

गुरुजींनी चुंबक गुपचूप खिशात घातलं. डोमानं खिळा उपटायला पकड उचलली, तर बाईंनी त्याचा हात धरला. “राहू दे तो. आन् पैसे पुरे घेजो.”

डोमाचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी प्रतिक्षानं पाटीखाली बारीक अक्षरांत एक ओळ वाढवली : ‘गिऱ्हाइकानं बायकोसाठी ठोकलेला खिळा धरला जाणार नाही.’