नंबर दिल्यानंतर

फाटकाचा दांडा मोटरसायकलच्या अगदी पुढ्यात खाली आला आणि सत्यजीतने दोन्ही ब्रेक एकदम दाबले. मागे बसलेल्या प्रांजलच्या हातातली फाइल त्याच्या पाठीवर आपटली.

"पडलं," तो म्हणाला.

प्रांजलने चेहऱ्यावरचा स्कार्फ सोडला, घडी करून फाइलमध्ये हॉलतिकिटाच्या बाजूला ठेवला आणि फाइलचं बटण पुन्हा लावलं.

"निघंल पाच मिन्टात."

"मिशी पुसा," ती म्हणाली.

"काय?"

"मिशीला साय हाय. चहा पिऊन आलात टेम्पोवाल्याकडं."

सत्यजीतने हाताच्या पालथ्या बाजूने मिशी पुसली. शेवंतीचे क्रेट भांडगावला टेम्पोत टाकून लगेच येतो, असं सांगून तो सकाळी गेला होता. ती वरवंडच्या घराच्या उंबऱ्यात चपला घालून उभी होती. सासू दोनदा म्हणाली, बस की गं आत. ती बसली नव्हती.

"माणूस आग्रह करतो प्रांजल. त्याला काय सांगायचं, बायकोची परीक्षा हाय?"

"व्हय. तेच सांगायचं."

रेल्वे परिचालन व्यवस्थापनाच्या पदवीचा हा शेवटचा पेपर होता. पुस्तकं पोस्टाने येत, तास रविवारी शिरूरच्या अभ्यासकेंद्रात होत. शिरूर तालुक्यात रेल्वेचा एक रूळ नाही, यावरून तिच्या माहेरी, वडगाव रासाईला, सगळ्यांनी पोट धरून हसून घेतलं होतं. चुलता म्हणाला होता, "आता वाळवंटात पोहायला शीक म्हणावं." ती हसली होती. बारावी सायन्सनंतर लग्न झालं, मग रेल्वेची भरती निघाली आणि ती गेटमन झाली. बाई असली तरी कागदावर गेटमनच. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात फाटकाच्या खोलीत बसून तिने सगळ्या पेपरांचा अभ्यास केला होता. स्टेशनमास्तरच्या जागेसाठी खात्यातून जी परीक्षा होते, तिला वयाच्या हिशेबाने ती यंदाच बसू शकत होती, आणि पदवी हातात नसेल तर अर्ज घेत नव्हते. म्हणजे आज पेपर चुकला की ती निवृत्त होईपर्यंत दांडा वर-खाली करत राहणार होती.

हेच फाटक. ती आणि दुसरा गेटमन सुभानमामा आळीपाळीने सांभाळत ते.

मागे वाहनं साठत गेली. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला जालिंदर भापकरांचा ट्रॅक्टर, दुधाची पिकअप, चार-सहा मोटरसायकली, आणखी मागे प्रवाशांनी भरलेली टमटम. प्रांजलने वळून पाहिलं आणि तिला काहीतरी खटकलं. काय ते लगेच कळेना. मग लक्षात आलं. कुणीच इंजिन बंद केलं नव्हतं.

तिच्या पाळीत फाटक पडलं की लोक इंजिन बंद करत, खाली उतरत, तंबाखू मळत, तिला शिव्या देत. इथे सगळे एक पाय जमिनीला टेकवून तयार बसले होते.

सुभानमामा खोलीतून बाहेर आला. पन्नाशी उलटलेला, डोक्यावर रुमाल, पायात रबरी चपला. प्रांजलला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"ताई! आज पेपर ना तुमचा? आन् अजून हितंच?"

"ह्यांना विचारा," ती म्हणाली.

"थांबा, उचलतो. जावा तुम्ही."

त्याने हँडलचं कुलूप काढलं. किल्ली त्याच्या हातातच होती. ती खुंटीवर असायला हवी होती. त्याने डावीकडे पाहिलं नाही, उजवीकडेही पाहिलं नाही. हँडल फिरवायला लागला. दांडा हातभर वर गेला आणि मागून सगळ्या गाड्यांचा आवाज एकदम वाढला. कुणाला नवल वाटलं नव्हतं. सत्यजीतने गिअर टाकला.

प्रांजल चालत्या मोटरसायकलवरून उतरली.

"मामा, नंबर दिलाय का?"

सुभानमामा थांबला. हँडल हातात तसंच.

"दिलाय की."

"मग खाली घ्या."

फाटक बंद करून कुलूप घातलं की गेटमन फोनवर स्टेशनमास्तरला एक नंबर सांगतो. तिकडून तो नंबर परत म्हणून दाखवतात. त्याचा अर्थ एवढाच की फाटक बंद आहे आणि ते मी बंद केलं आहे. मगच गाडीला सिग्नल मिळतो. नंबर दिल्यानंतर गाडी निघून जाईपर्यंत फाटक उघडायचं नाही. हे तिला पुस्तकाने शिकवलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, याच हँडलजवळ उभं राहून, सुभानमामाने शिकवलं होतं.

"ताई, गाडी लांब हाय अजून. मला कळतं ना, इतकी वर्षं झाली. तुमचा पेपर जाईल."

"खाली घ्या मामा."

"प्रांजल, येडी झालीस का?" सत्यजीत म्हणाला. "तुझ्यासाठीच उघडतायत ना ते?"

"ओ गेटमनबाई!" जालिंदरने ट्रॅक्टरवरून हाळी दिली. "आज सुट्टी हाय ना तुमची? मग सुट्टीवानी ऱ्हावा की. हितं बी ड्यूटी काय करताय?"

"सुभानभाई, घे वर तू. तिचं काय ऐकतो!" मागून एकजण ओरडला.

"त्यो नवरा बघ बिचारा. घरीबी फाटक असंच पडतं का रं?"

मागच्या मोटरसायकलवाल्यांत हशा पिकला. प्रांजलने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती सुभानमामाच्या हातांकडे बघत होती. सवयीचे हात होते.

तीन वर्षं लोक तिला म्हणत आले होते, सुभानभाई असला की थांबावं लागत नाही, ही बया आली की रांग लागते. एकाने तिच्या खोलीच्या दारावर खडूने काहीबाही लिहिलं होतं. एकाने दगड मारला होता, तो खिडकीच्या जाळीत अजून अडकलेला होता. तिला वाटायचं, लोक खोटं बोलतात, बाईवर दबाव आणायला काहीही बोलतात. रडू आलं त्या दिवशी सुभानमामाने स्वतःच्या घरून आणलेला शिरखुर्मा तिच्यापुढे ठेवला होता. म्हणाला होता, लोक बोलतात ताई, मनावर घेऊ नका.

"किती दिवस उघडताय असं?" तिने विचारलं. आवाज इतका हळू होता की सत्यजीतला ऐकू गेला नाही.

"ताई, रोज न्हाई करत. कुणाची अडचण असली तर. दवाखाना, परीक्षा, मयत..."

"आन् ऊस?"

सुभानमामाची नजर ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्यांकडे गेली.

"मला शिव्या खायला लावल्या तुम्ही. तीन वर्षं. रोज." आता ती ओरडत होती आणि हे तिला स्वतःलाच नवीन होतं. "मी नियमानं वागते म्हणून मी वाईट. तुम्ही उघडता म्हणून तुम्ही भाई. आन् त्या दगडाचं काय? जाळी नसती तर? खाली घ्या ते! घ्या खाली!"

हशा थांबला. सुभानमामाने हँडल उलटं फिरवलं. दांडा खाली बसला. त्याने कुलूप घातलं आणि किल्ली तिच्यापुढे धरली, जणू काही पाळी तिचीच होती. तिने घेतली नाही.

मग सगळेच थांबून राहिले. एकेक इंजिन बंद होत गेलं. जालिंदर खाली उतरून ट्रॉलीच्या चाकाला टेकून उभा राहिला आणि मोठ्याने घरच्या कुणालातरी फोनवर सांगू लागला की एका शिकल्यासवरल्या बाईने रस्ता अडवलाय. प्रांजल फाइल छातीशी धरून दांड्याजवळ उभी होती. पेपर सुरू झाला असणार. अर्ध्या तासानंतर आत सोडत नाहीत. तिने घड्याळ पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं.

रूळ गुणगुणायला लागले. दौंडच्या बाजूने एक एकटं इंजिन आलं. मागे डबा नाही, मालाची वाघीण नाही. सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखं. आतला ड्रायव्हर पराठ्याचा तुकडा मोडत होता. त्याने फाटकाकडे पाहून हात हलवला आणि इंजिन निघून गेलं.

"ह्या टमरेलासाठी थांबिवलं व्हय आम्हाला?" जालिंदर म्हणाला, आणि सगळी रांग पुन्हा हसली. सत्यजीतही हसला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं.

दांडा वर गेला. मोटरसायकलवर बसता बसता ती सुभानमामाला म्हणाली, "मी उद्या स्टेशनवर सांगणार हाय."

"सांगा," तो म्हणाला. "तुमचं बरोबर हाय. रिटायर व्हायला थोडकंच ऱ्हायलं होतं, पर तुमचं बरोबर हाय."

हे वाक्य भीमेवरचा पूल ओलांडेपर्यंत तिच्या कानात राहिलं आणि त्याने तिचा राग कमी झाला नाही, वाढलाच. माणसाने भांडावं, नाकारावं. बरोबर आहे म्हणून मोकळं व्हायचं आणि सांगण्याचं पाप दुसऱ्याच्या डोक्यावर घालायचं, हे कसलं वागणं?

न्हावऱ्याच्या पुढे रस्ता मोकळा लागला, तेव्हा सत्यजीत वाऱ्यातून ओरडून म्हणाला, "नियम पेपरात लिहायचा असतो गं. तिथं त्याचे मार्क मिळतात."

ती म्हणाली, "गाडी नीट चालवा."

शिरूरच्या कॉलेजात परीक्षेचं एकच दालन होतं. दाराबाहेर चपलांची रांग, भिंतीशी दप्तरं. दाराची एक फळी लावून घेतलेली. केंद्राचे समन्वयक सुदर्शन सर दारातच उभे होते. ते एरवी कॉमर्स शिकवत. दरवर्षी नव्या मुलांना ते प्रांजलचं उदाहरण देत, की ही बघा, रात्री ड्यूटी करून दिवसा शिकते.

"अहो, कुठे होता तुम्ही? मी सारखा रस्त्याकडे बघतोय."

"फाटक पडलं होतं सर." मग तिने विचारलं, कारण विचारणं तिला भाग होतं, "अर्धा तास होऊन गेला ना?"

सरांनी मागे वळून दालनात पाहिलं. सगळ्या माना खाली होत्या.

"गेला तर गेला. तुम्ही बसा पटकन. वेळेचं मी बघतो."

"सर, पण..."

"पण काय? तुमच्यासाठी करतोय. रोज थोडंच करतो असं? वर्ष घालवायचंय का?"

सत्यजीत मागून म्हणाला, "जा की."

प्रांजलने दारातल्या चपलांकडे पाहिलं. तिने चपला काढल्या, रांगेच्या टोकाला ठेवल्या आणि आत गेली.

प्रश्नपत्रिका सोपी होती. पहिल्याच नजरेत तिला पाच प्रश्न येत असल्याचं दिसलं आणि तिच्या खांद्यांतला ताण उतरला. तिने समास आखला. बैठक क्रमांक लिहिला. पहिलं उत्तर अर्धं झालं असेल नसेल, तेवढ्यात दाराशी पावलं वाजली.

धापा टाकत एक मुलगी आली होती. विशीची असेल. ओढणी एका खांद्यावरून लोंबत होती, हातात हॉलतिकीट.

"सर, प्लीज. सुमैया शेख. भांडगावहून आले."

"उशीर झाला. अर्ध्या तासानंतर सोडता येत नाही."

"सर, टमटम फाटकात अडकली होती. गेटमन उघडत होता म्हणे, पण कुणी बाई होती, तिनं उघडूच दिलं न्हाई. माझी काय चूक सर?"

प्रांजलचं पेन थांबलं. तिने मान वर केली नाही. टमटम रांगेच्या शेवटी होती, तिथून पुढचं काही दिसलं नसणार.

"चूक कुणाची ते मी ठरवत नाही," सर म्हणाले. "नियम नियम आहे. पुढच्या वेळी या."

"सर, पुढच्या वेळी घरचे फी भरणार न्हाईत. कसंबसं हे भरलंय." तिचा आवाज चढला. "आन् त्या ताई? त्या निळ्या ड्रेसवाल्या. मी कोपऱ्यावरून येताना पाहिलं, त्या आत्ताच आत गेल्या. त्यांना कसं सोडलं?"

दालनातल्या माना वर झाल्या. कुठेतरी कागद फडफडला.

"त्या केव्हाच आल्यात," सर म्हणाले. "पाण्यासाठी बाहेर गेल्या होत्या." ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जरासुद्धा अपराधीपणा नव्हता, उलट एक आपुलकी होती. "हो ना हो, प्रांजलताई?"

तिच्यासमोर अर्धं उत्तर होतं. बाहेर, खिडकीखाली, सत्यजीत मोटरसायकलवर आडवा होऊन बसला होता.

"हो," ती म्हणाली.

मुलीने तिच्याकडे पाहिलं. मग तिचा चढलेला चेहरा हळूहळू उतरला आणि त्याजागी शरम आली.

"सॉरी ताई," ती म्हणाली. "मला वाटलं..."

पुढचं न बोलता तिने दाराची दुसरी फळी स्वतःच ओढून घेतली, आवाज होऊ न देता.