पप्पांची किडनी चांगली आहे

प्रयोगशाळेत आम्ही उंदरांच्या पित्ताची नळी बांधतो. काही आठवड्यांत त्यांचं यकृत नासतं, कातडी पिवळी पडते, पोटात पाणी भरतं आणि पिंजऱ्याखालचा कागद कोरडा राहायला लागतो. लघवीच होत नाही. परळला माझं काम हेच, कागद बघायचे. त्या पिंजऱ्यांच्या वासाची मला किळस येते. पण गावी, सांडोरच्या घरात पप्पांच्या खोलीत शिरलं की वाटतं, उंदीर परवडले.

पप्पांनी जन्मभर परसात गाळलेली केळ्यांची दारू ढोसली. आता डोळे हळदीचे, पोट घागरीएवढं आणि लघवी बंद. डॉक्टर "किडनी काम करत नाही" एवढंच म्हणाले, पुढचं प्लासिडकाकांनी ठरवलं. मुंबईत म्हणे किडनी बदलतात, तर थॉमसची एक काढायची. थॉमस माझा धाकटा भाऊ, नुकता नोकरीला लागलेला. तो गप्प राहिला, त्यालाच सगळ्यांनी होकार मानलं. शेजारणी येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवायच्या. सणाआधी बकऱ्याला असंच कुरवाळतात.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून सगळे घरी आल्यावर मी तोंड उघडलं.

"थॉमसला कापायचं नाही. यकृत नासलं की किडनी बंद पडते. मेलेल्या उंदरांच्या किडन्या मी स्वतः चिरून बघते, आतून स्वच्छ असतात. पप्पांना नवी बसवली तरी तीही बंद पडेल."

"म्हंजे त्याची किडनी चांगली हाय?" काकांनी विचारलं.

"किडनी चांगली आहे. यकृत गेलंय, काका. आता पप्पा वाचायचे नाहीत."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. आईने क्रुसाची खूण केली आणि रडायलाच लागली. काका परसातून बाटली घेऊन आले. आमच्याकडे चांगली बातमी कोरड्या घशाने ऐकत नाहीत. बाप्तिस्मा असो की मॅट्रिकचा निकाल, आधी पेले भरतात.

आतून पप्पांचा चिरका आवाज आला, "प्लासिड, मलापन थोडी दे. किडनी चांगली हाय ना!"

मी बाटली हिसकायला धावले.

"अगो अँजेलिना, तूच सांगितलंस ना?" काका हसले.

आईने मला बाजूला सारलं आणि पप्पांच्या तोंडाला पेला लावला. हनुवटीवरून ओघळलेली दारू तिने मायेने पदराने पुसली. मला शिसारी आली. त्या घोटाची, त्या मायेची आणि चार बुकं शिकून तोंड उघडणाऱ्या माझीसुद्धा.

थॉमस ओट्यावर बसला होता. आजवर त्याने थेंबाला हात लावला नव्हता. काकांनी दिलेला पेला त्याने एका दमात रिकामा केला, ठसकला, डोळे पुसले.

"वाचलो गं, बाय," तो मला म्हणाला आणि पेला परत काकांपुढे धरला.