पाव्हणी काठी

खंडेनवमीच्या सकाळी निपाणीत राजमतीआक्कांनी घरातलं एकही हत्यार सोडलं नाही. विळी पुजली, शिलाईचं मशीन पुजलं, लेकाची गाडी पुजली. लेक अंघोळीला गेली तेवढ्यात तिच्या पूल खेळायच्या दोन्ही क्यू पेटीतून काढून त्याही पुजल्या. गुळगुळीत लाकडावर हळद, हळदीवर कुंकू, वर झेंडूची माळ.

अनुराधानं कपाळावर हात मारला. "आई, ह्या काय चुलीच्या काटक्या न्हाईत. एकेकीच्या किमतीत दुभती म्हैस यील."

"म्हशीला बी मी कुंकू लावलं असतं," आई म्हणाली. "ज्यावर तुझा हात चालतो ते तुझं हत्यार. आज पुसायचं न्हाय. उद्या बी एवढं कुंकू ऱ्हाऊ दे."

उद्या दसरा, आणि उद्याच बेळगावच्या क्लबात स्पर्धेचा शेवटचा सामना. सहा वर्षांत त्या क्यूंनी तिच्या हाताशी सोयरीक जुळवली होती. दुसरी क्यू धरली की तिला दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यागत व्हायचं. तिनं काही पुसलं नाही. माळेसकट पेटी मिटली आणि गाडीच्या मागच्या सीटवर आडवी ठेवली.

त्याच सकाळी बेळगावात शिरल्यावर खासबागेत भाऊ जिनेंद्रनं फुलं घ्यायला गाडी थांबवली. दोघं दहा मिनिटांत परतली, तर मागची काच फुटलेली, सीटवर काचांचा सडा, आणि पेटी नाही. अनुराधाच्या हातातली शेवंती तिथंच गळून पडली.

पोलीस ठाण्यात हवालदार परशराम लिहून घ्यायला बसला.

"काय गेलं?"

"क्यू. पूलच्या."

"कुठला पूल? नवा का जुना?"

"नदीवरचा न्हवं, अण्णा. पूल म्हंजे खेळ. टेबलावरचे चेंडू काठीनं मारतात, तो. क्यू म्हंजे ती काठी."

"मग काठी म्हणा की." त्यानं लिहिलं. "वळखायची खूण?"

अनुराधा लाजली. "हळदकुंकू लावलंय. झेंडूची माळ बी हाय."

परशरामचं पेन थांबलं. "दोन काठ्या? काळ्या पेटीत?"

"व्हय."

"आमच्या आईचा आत्ताच फोन आलता. शहापुरात देवळाच्या पायरीवर देवीच्या काठ्या आल्यात म्हणं. गल्लीतल्या बायका आरती करायलेत."

जिनेंद्रला हसू आवरेना. चोरानं आडोशाला पेटी उघडली असणार, आत हळदकुंकू बघून हात जोडले असणार. देवीचा माल देवीच्या दारात टाकून तो पळाला.

परशरामला घेऊन दोघं शहापुरात गेली. तिथले विणकरांचे माग आज गप्प होते. त्यांचीही पूजा होती. त्या शांततेत बायकांचा गळा लांबवरनं ऐकू येत होता:

नवमीच्या सकाळी, कोण पाव्हणी आली दारी
हळदकुंकू ल्याली, कुण्या गावची गं नारी

परशरामची आई मालुबाई सगळ्यांच्या पुढं बसली होती. अनुराधा वाकून म्हणाली, "आक्का, ह्या माझ्या काठ्या हाईत. आईनं पुजल्यात."

मालुबाईनं तिला नखशिखान्त न्याहाळलं. "तुझ्या? काय राखतीस, मेंढरं?"

"न्हाय. चेंडू मारते."

"परशा, ही पोरगी काय म्हणायली रं?"

"खरं हाय, आई. तसा खेळ हाय."

"असंल. पर दारात आलेली पाव्हणी आम्ही कुणाच्याबी मागं धाडत न्हाय. तुझी असंल तर तुझ्या हातात बोलंल. दाव."

ताटातलं लिंबू तिनं फरशीवर ठेवलं. देवळाच्या पार दुसऱ्या टोकाला एक तांब्या आडवा केला.

लिंबू म्हणजे काही चेंडू नव्हे, त्याला चोच असते. सरळ मारलं की वाकडं पळणार. अनुराधा फरशीवर पालथी झाली. बोटांखालून एरवी रेशमासारखी सरकणारी क्यू आज कुंकवानं खरखरत होती. क्षणभर तिला वाटलं, पदरानं पुसून घ्यावी. नको, आई म्हणाली होती. तिनं श्वास रोखला, खांबाच्या बुडाकडं नेम धरला आणि हलकेच टोला दिला.

लिंबू डुलत निघालं, वाकडं पळालं, खांबाला टेकून वळलं आणि तांब्यात शिरलं. टण्ण.

बायका एकमेकींच्या अंगावर कोसळून हसल्या.

"बोलली बाई," मालुबाई म्हणाली. तिनं अनुराधाचा उजवा हात ओढून घेतला आणि तळव्यावर कुंकू टेकवलं. "तुझ्या आईनं हत्यार पुजलं, हात तेवढा ऱ्हायला होता."

दुसऱ्या दिवशी क्लबात पहिल्या रांगेत शहापुरी लुगड्यांची झुंबड बसली होती. अनुराधानं क्यू पुसून आणली होती, तेवढा मुठीजवळचा एक ठिपका सोडून. शेवटी टेबलावर दोनच चेंडू उरले, काळा आणि पांढरा. काळा पडला की सामना तिचा.

"परशा," मालुबाई कुजबुजली, "तांब्या कुठं ठेवलाय रं?"

"तांब्या न्हाय, आई. कोपऱ्यात भोक हाय बघ, तिथं घालायचा."

"मग लईच सोपं हाय की."

काळा चेंडू कोपऱ्याकडं निघाला. तो भोकात पडायच्या आधीच मागून गळा लागला होता:

शहापुरी थांबली, निपाणीची गं नारी