मांगराचे कवाड

मी एक जुने कवाड आहे. कवाडाला कसले आले आत्मवृत्त, असे म्हणून हसू नका, मित्रांनो! आधी ऐका, मग हसा.

रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणाऱ्या सडकेवर पाली गाव लागते. तिथल्या एका आंब्याच्या बागेतल्या मांगराला, म्हणजे बागेतल्या राहत्या झोपडीला, मी आहे. माझे लाकूड फणसाचे, फळ्या जाड आणि सरळ. पण लोखंडी बिजागऱ्या मला कधी लाभल्या नाहीत. मी लाकडी खुंट्यांवर फिरते आणि जरा उचलले की हातात येते. म्हणून "पाहुण्यासारखं कवाड, कधी उठून जाईल नेम नाही," अशी माझी थट्टा होई. मला राग यायचा. मी काही हलके लाकूड नव्हे!

एकोणीसशे बावीस सालची गोष्ट. या बागेचा धाकटा धनी रावजी आंबे काढताना फांदीवरून पाठीवर आदळला. पडल्यावर तो बोलत होता, पायांची बोटे हलवत होता. माणसे धावली. कोणी त्याला बगलेत धरून बसवले, कोणी पाय ओढून चोळले. मग आमच्याकडे आजाऱ्याला नेतात तसे बांबूला कांबळे बांधून डोली केली आणि त्याला रत्नागिरीच्या दवाखान्यात नेले. डोलीत माणूस धनुष्यासारखा वाकतो. रावजी पोचला तेव्हा त्याचे पाय गेले होते. ते पुन्हा कधी हलले नाहीत.

तेव्हापासून रावजी माझ्याजवळ पडवीत उशीला टेकून बसे आणि आंब्यांची अढी लावी. त्याची भावजय सोनूबाई दिवसातून कितीदा तरी त्याची कूस बदली, पाठीला जखम होत नाही ना ते पाही. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता आणि मुलगा केरू बाग बघत असे. घर केरूच्या पायांवर उभे होते.

दहा-अकरा वर्षांनी, वैशाखात, झाडावर चढलेल्या केरूच्या हातातली घळ, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, फांदीत अडकली. त्याने हिसका दिला, तोल गेला आणि तो धपकन खाली आला.

"डोली आणतो!" म्हणत शेजारचा महिपत धावला.

"थांब!" रावजी असा ओरडला की माझ्या फळ्या थरथरल्या. "त्याला कोन हात लावू नका! केरू, मान हलवू नको. व्हतास तसाच रव!"

सोनूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. "भावजी, घोटभर पानी तरी..."

"नको वैनी, आडवा हाय तो, ठसका लागंल. त्येच्या पायाला चिमटा घ्या. केरू, कळतंय काय?"

"कळतंय काका, पन मुंग्या आल्यागत वाटतंय."

"बोटं हलव."

बोटे हलली. सोनूबाईला हुंदका फुटला. "हलली वो भावजी!"

"माजी पन हलली व्हती, वैनी," रावजी म्हणाला. "डाक्तरानं मला सांगितलान, पाठीच्या कन्याच्या आत मऊ दोरी असते. हाड मोडला तरी ती वाचते, पन वाकवला की जाते. महिपत, डोली नको. ह्या कवाड काढ!"

ह्या कवाड म्हणजे मी, मित्रांनो! महिपतने मला उचलले, मी लगेच खुंट्यांवरून निघाले. एकाने केरूचे डोके घट्ट धरले. बाकीच्यांनी ओंडका लोळवावा तसा त्याला एकदमच कुशीवर केला, मला पाठीशी सरकवले आणि तसाच माझ्यावर घेतला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कांबळ्याच्या गुंडाळ्या लावल्या, अंग धोतरांनी बांधले. बैलगाडीत पेंढा पसरून आम्ही निघालो. खड्डा आला की महिपत बैलांना चुचकारून हळू करी. मी माझी पाठ जराही वाकू दिली नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासले. कण्याचे हाड मोडले होते, पण आतली दोरी शाबूत होती. "असा आणलात म्हणून बरं झालं," ते म्हणाले. त्यांनी मलाच केरूच्या गादीखाली घातले. सारा पावसाळा मी त्याच्या पाठीखाली होते. अशी नोकरी कुठल्या कवाडाला मिळाली असेल?

गणपतीच्या आधी आम्ही घरी आलो. केरू काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी अंगणात आला. महिपतने मला खुंट्यांवर बसवले आणि म्हणाला, "रावजी, आता ह्याला बिजागऱ्या मारूया, पक्कं व्हईल."

"नको. निघता ऱ्हाऊंदे," रावजी म्हणाला.

सगळे आत गेले तेव्हा त्याने हात लांब करून माझ्या फळीवरून फिरवला.

"मी पडलो तवा पन तू हितंच व्हतास," तो हळूच म्हणाला.

मी खरोखर तिथेच होते, त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर.

मित्रांनो, उंचावरून कोणी पडला तर त्याला बसवू नका, ओढू नका, डोलीत घालू नका. आजूबाजूला बघा. दार प्रत्येक घराला असते.