डिम्फ्नाच्या हिरव्या खुर्च्या

आठ वर्षांपूर्वी कन्सेप्टा बॅरेटने डिम्फ्नाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं आणि म्हणाली, "जरा ओल आहे, नाही का गं?" झालं! त्या एका वाक्यावर डिम्फ्नाने आठ हिवाळे काढले.

आता मला सांगा, आयर्लंडात मेयोच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरात लागलेला पाऊस एप्रिलपर्यंत हटत नाही, तिथे कोणाच्या घरात ओल नसते? कपाटातल्या बुटांना दाढी येते. मीठ बरणीतून सुरीने खरवडून काढावं लागतं. पण चारचौघांच्या घरातली ओल वेगळी आणि कन्सेप्टाने बोट लावून दाखवलेली ओल वेगळी. डिम्फ्ना भिंती ब्लीचने पुसायची, मग कोरड्या फडक्याने, मग पुन्हा ब्लीचने. सकाळी उठली की आधी काचांवरचं पाणी टिपायची, मग चहा. हवेतला ओलावा ओढून घेणारं एक यंत्र आणलं होतं, ते दिवसभर घुरघुरायचं. "या घरात माझ्यापेक्षा त्याला जास्त मान आहे," असं तिचा नवरा मॅलकी म्हणायचा. हवा खेळावी म्हणून भर नोव्हेंबरात ती पुढचं-मागचं दार सताड उघडं टाकायची आणि तो बिचारा मफलर गुंडाळून जेवायला बसायचा.

आणि यंदा घरमिस्साची पाळी फिरून तिच्याकडे आली. गावात घरं सोळा. वर्षातून दोनदा फादर एकेका घरी येतात, स्वयंपाकघरातल्या टेबलाची वेदी होते, सगळे शेजारी जमतात. येतात प्रार्थनेलाच, पण डोळे काही कोणी मिटून घेत नाही. डिम्फ्नाचं मागणं एवढंच होतं, की या वेळी कोणाच्याही तोंडून 'ओल' हा शब्द निघू नये. बाकी हॅम करपलं तरी चालेल.

मिस्सा शनिवारी संध्याकाळी होती. गुरुवारी ती मेणबत्त्या आणायला बाजारात गेली आणि मागे मॅलकीला बायकोला खूश करायची हुक्की आली. शेडमध्ये होडीचा हिरवा रंग उरला होता. पठ्ठ्याने बाराच्या बारा खुर्च्या रंगवून काढल्या. दोन हात, चांगले जाड.

"हा वाळतो कधी?" डिम्फ्नाने दारातच विचारलं.

"चार तासांत. डब्यावर लिहिलंय."

डब्यावर 'कोरड्या हवेत' असंही लिहिलं होतं, पण चष्मा न लावता माणूस किती वाचणार! शुक्रवारी खुर्च्या ओल्याच. रात्रंदिवस शेगडी पेटवली, यंत्र खुर्च्यांच्या मधोमध नेऊन ठेवलं. शनिवारी दुपारी डिम्फ्नाने एका खुर्चीच्या पाठीला बोट लावून पाहिलं, तर बोट सोडवायला दुसरा हात लावावा लागला.

"मॅलकी, या सगळ्या खुर्च्या होडीत घाल आणि समुद्रात जा. परत येऊ नकोस."

"अगं, वर पेपर टाकू या. लोक भिजून येणार, कोट ओले असणार, म्हणून टाकलेत म्हणायचं. त्यात काय एवढं?"

पेपर टाकले. तरी डिम्फ्नाचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी तिने ठरवलं, कोणाला बसूच द्यायचं नाही. सात वाजता छत्र्या झटकत मंडळी आत आली. फादर फिनर्टी आले, कन्सेप्टा नवाकोरा उंटाच्या रंगाचा कोट घालून आली, आणि डिम्फ्ना हात जोडून म्हणाली, "यंदा म्हटलं, मिस्सा उभ्यानेच करू. तेवढीच भक्ती."

"मी चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे, बाई," म्हातारा बार्टली म्हणाला. "माझी भक्ती गुडघ्यापाशी येऊन थांबते." आणि बसला. तो बसला म्हणून बाकीचे बसले. कन्सेप्टाने पेपर नीट सरळ केला आणि टेकून, अगदी ऐसपैस बसली. फादरही बसले.

डिम्फ्नाने ओरडावं, उठा म्हणावं, तर का म्हणून विचारणार. रंग वाळला नाही म्हणायचं, तर का वाळला नाही म्हणून विचारणार. म्हणजे तो शब्द तिच्याच तोंडून! ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि पहिलं वाचन कधी संपू नये अशी मनापासून प्रार्थना करू लागली. इतक्या कळवळून तिने याआधी कधी प्रार्थना केली नव्हती.

वाचन संपलं. मग शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातलं वाचन; त्याला उभं राहावं लागतं. फादर उठले आणि त्यांच्यामागोमाग खुर्ची उठली. मग बाकीचे उठले. टर्र, टर्र असे आवाज झाले आणि स्वयंपाकघरात बारा माणसं बारा खुर्च्या पाठीला घेऊन उभी राहिली.

फादर भला माणूस. त्यांनी पुस्तक उघडलं. "प्रभू तुम्हांबरोबर असो."

"आणि खुर्चीसुद्धा," बार्टली म्हणाला.

मग मात्र कोणाला आवरेना. हसता हसता खुर्च्या एकमेकींवर आपटू लागल्या. कन्सेप्टा मागे वळून बघायला गेली तर खुर्चीही वळली आणि बेदाण्यांच्या पावाची बशी खाली गेली. मॅलकी घाईघाईने पुढे आला. "माफ करा हं मंडळी, रंग वाळलाच नाही, हवेत जरा—"

"खबरदार!" डिम्फ्ना किंचाळली, आणि मग तिचा बांधच फुटला. "ओल! हो, ओल आहे या घरात! भिंतीत आहे, गादीत आहे, माझ्या हाडांत आहे! झालं समाधान, कन्सेप्टा?"

"माझं काय मध्येच?"

"आठ वर्षांपूर्वी तू इथे उभी राहून भिंतीवर बोट फिरवलंस आणि म्हणालीस, ओल आहे!"

कन्सेप्टा खरोखरच विचारात पडली. "मी? म्हणाले असेन बाई. मला तर त्या दिवसाचा तुझा अ‍ॅपल टार्ट तेवढा आठवतोय. दोनदा घेतला होता मी."

डिम्फ्नाने त्या भिंतीकडे पाहिलं. आठ वर्षं. एवढं ब्लीच. एवढे गारठलेले जेवणाचे घास.

"माझ्या गादीखाली अळंबी आली होती," बार्टली आपणहून म्हणाला. "लोण्यात परतली. चांगली लागली."

"आमच्या अल्बममधले सासूबाईंचे सगळे फोटो एकमेकांना चिकटलेत," मागून कोणीतरी म्हणालं. फादरांनी सांगितलं, की त्यांच्या पलंगाच्या मागे काय आहे ते बघायची त्यांना हिंमतच होत नाही.

"आमच्याकडे मात्र नाही हं," कन्सेप्टा म्हणाली. तिच्या कोटाच्या मागे निधनवार्तांचं अख्खं पान चिकटलेलं होतं.

डिम्फ्नाला हसू फुटलं आणि हसताना रडूही आलं. मॅलकीने ओढाओढ करून फादरांची खुर्ची सोडवली होती, ती मध्येच रिकामी होती. शुभवर्तमानाला बसत नाहीत हे तिलाही ठाऊक होतं. तरी नवा स्कर्ट सावरायचीही तसदी न घेता ती त्या ओल्या रंगात बसली आणि पाठ टेकली.

"वाचा, फादर," ती म्हणाली. "मी फार दमलेय."