अकराव्या पानाआधी

ज्या वर्षी थोरलीचं लग्न झालं आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी धाकटीला इस्पितळात नर्सची नोकरी लागली, त्या वर्षीचा माझा जन्म. मित्रांनो, मी एक जुना रुमाल आहे. नाक पुसायचा नव्हे, डोक्याला बांधायचा. रंग फिकट निळा, चारी बाजूंनी बारीक दुमड, आणि एका कोपऱ्यात शाईचा डाग. तो डाग कोर्टातला आहे. त्याची हकीकत पुढे येईल.

मला शिवलं धाकटीच्या आईनं. ती कपडे शिवायची. नवरा लवकर गेला, तेव्हा दोन मुली आणि एक पायमशीन एवढंच तिच्यापाशी उरलं. त्या मशीनवर तिनं दोघींना शिकवलं. स्वतः मात्र शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. मापं ती दोरीला गाठी मारून लक्षात ठेवायची. कुणाच्या गाठी कुठल्या, यात ती कधीच चुकली नाही.

इस्पितळातल्या नर्सचे गणवेश तीच शिवत असे. ताग्यातून गणवेश बेतले की कडेचे तुकडे उरत. ते तुकडे शिवणारीचे, असा त्या कामातला जुना रिवाज. त्यांच्या पिशव्या होत, पायपुसणी होत, थोरलीच्या बाहुलीचे झगेही झाले होते.

या घरातल्या बायका धर्माप्रमाणे डोकं झाकत. धाकटीही सोळाव्या वर्षापासून रुमाल बांधायची. नोकरीच्या मुलाखतीत मोठ्या सिस्टरनं तिला सांगितलं, "रुमालाला माझी ना नाही. पण रंग गणवेशाला शोभेल असा बघ."

धाकटीनं घरी येऊन हे सांगितलं. आई हसली.

"शोभेल असा कशाला? तोच घेते की!"

तिनं उरलेल्या कापडातला सगळ्यात मोठा तुकडा काढला, खडूनं रेघ मारली आणि कात्री चालवली. असा मी जन्मलो. पहिल्या दिवशी मोठ्या सिस्टरनं मला पाहिलं आणि आईला निरोप धाडला, "मावशींना म्हणावं, रुमाल कुठे संपतो आणि गणवेश कुठे सुरू होतो ते कळत नाही!" आईनं तो निरोप गल्लीतल्या प्रत्येक घरी ऐकवला. ज्यांनी आधी ऐकला होता, त्यांनाही पुन्हा ऐकवला.

मग माझी कामाची वर्षं आली. धाकटी लहान मुलांच्या वॉर्डात होती. रोज सकाळी ती मला घट्ट बांधायची, दोन पिना लावायची, टोकं गणवेशाच्या गळ्यात खोचायची. वाकली तरी मी कधी कुणाच्या तोंडावर आलो नाही. रोज रात्री उकळत्या पाण्यात बुडायचो, सकाळी इस्त्री. ताप आलेली पोरं मला मुठीत धरत. एका मुलीनं तर माझं टोक धरल्याशिवाय सुई टोचून घ्यायची नाही, असा नेमच केला होता. धाकटी म्हणायची, "धर बाई, धर. फाडू नकोस फक्त, आई मला घरात घेणार नाही." पोरगी रडता रडता हसायची, आणि तेवढ्यात सुई टोचून झालेली असायची.

अशी सहा वर्षं गेली. सातव्या वर्षी सूचनाफलकावर एक कागद लागला. कामाच्या वेळी कोणत्याही कर्मचाऱ्यानं आपला धर्म दिसेल अशी वस्तू अंगावर ठेवू नये. नियम सगळ्यांना सारखा होता, हे मी खोटं सांगणार नाही. एका डॉक्टरांनी गळ्यातली साखळी सदऱ्याच्या आत सरकवली आणि त्यांचं काम भागलं. मला कुठे सरकवणार?

मोठ्या सिस्टरनं धाकटीला खोलीत बोलावलं. तिचेही डोळे खाली होते.

"आठ तासांचा तर प्रश्न आहे गं. दारात काढ, जाताना बांध."

"सिस्टर, मी तो दारापुरता बांधत नाही."

"मला कळतं. पण नियम मी केलेला नाही."

"मग कुणी केलाय, त्यांनाच विचारते."

आणि धाकटीनं विचारलं. कोर्टात विचारलं. नोकरीवरून तिला घरी बसवलं होतं. रोज सकाळी ती त्याच वेळेला उठायची, आणि मग काय करायचं ते न सुचून खिडकीत उभी राहायची.

आमच्या वकिलांना वाटलं, न्यायाधीशांनी मला एकदा डोळ्यांनी पाहावं. केवढासा रुमाल, किती स्वच्छ, पोरांना काही इजा होण्यासारखं त्यात काय आहे? म्हणून मला कोर्टात हजर केलं. कारकुनानं माझ्या पाकिटावर शिक्का मारताना माझ्या कोपऱ्यावर शाई सांडली, तोच हा डाग.

इस्पितळाचे वकील उठले. आवाज मऊ, माणूस सभ्य. त्यांनी मला दोन बोटांत धरून उचललं.

"हे कापड कुठलं, सांगाल?"

धाकटी खरं बोलणारी. म्हणाली, "इस्पितळाचंच. गणवेशातून उरलेलं. आईनं शिवलाय."

"म्हणजे गणवेशाचं कापड, गणवेशाचा रंग. आजारी मुलाच्या आईबापांना वाटणार, हा रुमाल इस्पितळानंच दिला आहे. हा धर्म इस्पितळाचाच आहे. बाजारातला साधा रुमाल असता, तर निदान तो यांचा स्वतःचा म्हणता आला असता. हा तर संस्थेच्या कापडातून कापलेला आहे!"

मागच्या बाकावर आई बसली होती. तिनं पदर तोंडावर दाबला. मला त्या क्षणी त्यांच्या बोटांतून गळून पडावंसं वाटलं. पण कापडाला आपल्या मनानं पडता येत नाही.

बाहेर आल्यावर आई पायरीवरच बसली.

"माझ्याच हातानं तुझी नोकरी घालवली गं मी."

"आई, काहीतरीच काय बोलतेस? त्यांचं कामच आहे ते."

"दुसरं कुठलंही कापड चाललं असतं. घरात पांढरं होतं. मला मेलीला मिरवायचं होतं."

हे मी नंतर ऐकलं. त्या वेळी मी लाखेचं सील लावलेल्या पाकिटात होतो. अकरा महिने कोर्टाच्या कपाटात अंधारात राहिलो. माझ्या एका बाजूला एक चाकू होता आणि दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी घराची किल्ली.

निकाल इस्पितळाच्या बाजूनं लागला. चौदा पानांचा कागद आणि पाकिटातला मी, असे दोघं एकदमच घरी आलो. धाकटीपुढे दोनच वाटा होत्या. रुमाल सोडायचा, नाहीतर वॉर्ड सोडायचा.

आई म्हणाली, "सोड तो रुमाल. देवाला मी काय ते सांगेन."

धाकटी म्हणाली, "आई, तू सांगितलंस म्हणून मी बांधत नव्हते. आता तू सांगतेस म्हणून सोडणार नाही. माझं मन घेत नाही." तिनं वॉर्ड सोडला. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करू लागली. डोक्याला दुसरे रुमाल बांधू लागली. मला आईनं कुणाला हात लावू दिला नाही. निकालाचे कागद तिनं माझ्यात गुंडाळले आणि मशीनच्या खणात ठेवले.

त्या कागदांच्या अकराव्या पानावर काय होतं, ते धाकटीनं पहिल्याच दिवशी आईला वाचून दाखवलं होतं. मीही ऐकलं. न्यायाधीशांनी लिहिलं होतं: रुमाल कोणत्या कापडाचा आहे यावर हा निकाल अवलंबून नाही, तो दुसऱ्या कोणत्याही कापडाचा असता तरी निर्णय हाच राहिला असता, शिवणाऱ्या व्यक्तीच्या हेतूत न्यायालयाला काहीही गैर दिसत नाही.

"ऐकलंस ना? तुझी काही चूक नाही. कोर्टानंच लिहिलंय."

आईनं तिच्याकडे पाहिलं. "हे कागदावर आहे, की तुझ्या मनात?"

"आई! शपथ."

"लहानपणी ताप असला तरी शाळा बुडू नये म्हणून 'बरं वाटतंय' म्हणायचीस. तुला ओळखते मी."

धाकटीनं शेजारच्या टपालवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून तेच वाचलं, अगदी तसंच. आई म्हणाली, "चहा घ्या, काका. पोरीनं छान पाठ करून घेतलंय तुमच्याकडून." काका बिचारे चहा न पिताच गेले.

महिना गेला. मग एके दुपारी आईनं मशीन थांबवलं आणि धाकटीला हाक मारली. "मला अक्षरं शिकव. मी स्वतः वाचेन."

तेव्हा आईचं वय त्रेसष्ट होतं.

कापड बेतायच्या टेबलावर खडूनं अक्षरं उमटू लागली. 'ठ' तिला बटणासारखा दिसे, 'ळ' जोडीनं केलेल्या दोन काजांसारखा. जोडाक्षरं मात्र तिनं रागानं शिकली. थोरली माहेरी आली आणि तोंडाला हात लावून हसली. "या वयात बाराखडी? आता परीक्षेला पण बसणार का?"

"बसेन. तू मागे बसून कॉपी कर. तुला सवय आहे," आई म्हणाली. मग दोघीही हसल्या. त्या घरात तेव्हा कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं.

वर्षभरात तिला दुकानांच्या पाट्या येऊ लागल्या. मग तिनं खण उघडला, माझी गाठ सोडली आणि निकाल पुढ्यात घेतला. धाकटी धावत आली. "आई, अकरावं पान काढते थांब. तुला तेवढंच तर बघायचंय."

"नाही. पहिल्यापासून वाचणार."

"अगं, चौदा पानं आहेत!"

"शिवण मधूनच धरली तर झोळ येतो. पुढचंमागचं कळल्याशिवाय माझा विश्वास बसायचा नाही."

तिथंच सगळं चुकलं, मित्रांनो. पण तिला दुसऱ्या कुठल्या रीतीनं काम करताच येत नव्हतं. आयुष्यभर तिनं प्रत्येक दुमड टोकापासून घातली होती.

एका पानाला महिना, कधी दीड महिना लागे. ती बोट ठेवून वाचायची, आणि पान संपलं की कोपऱ्यात एक कच्चा टाका घालायची. "हा प्रतिवादी कोण गं?"

"इस्पितळ."

"मग सरळ इस्पितळ लिहायला यांचं काय जात होतं? आणि अर्जदार?"

"मी."

"तू? तुला किती छान नाव ठेवलं होतं आम्ही."

मी त्या पानांखाली पसरलेला असे. पुढे काय आहे ते मला ठाऊक होतं. तिचं बोट दर ओळीला माझ्यावरून सरकायचं, आणि मला ओरडून सांगावंसं वाटायचं, उलट गं बाई, पुढचं उलट. रुमालाला तोंड नसतं.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत ती दहाव्या पानावर आली. त्या पानावर इस्पितळाच्या वकिलांचं म्हणणं होतं. कोर्टाची रीतच तशी. आधी दोन्ही बाजूंचं म्हणणं लिहायचं, मग उत्तर. मार्चच्या पाच तारखेला दुपारी तिनं त्या पानाची शेवटची ओळ वाचली. मोठ्यानं, तुटक तुटक वाचली. "सदर... रुमाल... संस्थेच्याच... कापडातून... कापलेला... असल्याने..."

ती थांबली. बोट तिथंच राहिलं.

"बघ. छापलंय. मी म्हणत नव्हते?"

धाकटी कामावरून नुकतीच आली होती. हातातली पिशवी तिनं खाली टाकली. "आई, हे त्यांच्या वकिलांचं बोलणं आहे! कोर्टाचं पुढे आहे. पान उलट. आत्ता उलट, माझ्यासमोर."

"उद्या. आज डोळ्यांना दिसत नाही."

"मी वाचते, ऐक." धाकटीनं अकरावं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. "तू वाचलंस, राणी. मी अजून नाही." मग तिनं दहाव्या पानाला टाका घातला, दातांनी दोरा तोडला, आणि कागद माझ्यात बांधून ठेवले.

मित्रांनो, मी आता विरलोय. मला जपा असं मी सांगणार नाही, कापड विरायचंच. पण तुमच्या घरात कुणी अक्षरावाचून राहिलं असेल, तर त्याला आज शिकवा, धडधाकट असताना शिकवा. त्याला वाचून दाखवणं पुरत नाही. ज्याला स्वतःला वाचता येत नाही, त्याला आपल्या सुटकेचा कागदही दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो, आणि ते तोंड प्रेमाचं असलं की त्याचा विश्वास बसत नाही. आणि तुम्ही मोठे होऊन कधी नियम लिहायला बसलात, तर ज्याच्यावर तो लागणार आहे त्याच्या घरी एकदा जाऊन या. नियम बदलेल की नाही, मला माहीत नाही. पण तिथे कोण काय मनाला लावून घेतं, ते तरी कळेल.

सहा मार्चला सकाळी आठच्या सुमारास आई मशीनपुढे बसली असताना गेली. तिचं वय पासष्ट होतं. निकालाची चार पानं वाचायची राहिली.