किटलीशेजारी लाल झालेली चकती

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. बशीएवढी गोल आणि नखाहूनही पातळ. माझ्यात कापूस आहे आणि कणभर सोनं आहे. सोनं म्हटल्यावर लगेच डोळे मोठे करू नका. माझं सोनं इतकं बारीक आहे की तुमच्या एका केसाच्या जाडीत त्याचे हजारभर कण सहज मावतील.

मला ताईने घडवलं. ती प्रयोगशाळेत पाच वर्षं संशोधन करत होती आणि लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. तिने कापसाचा लगदा आम्लात शिजवला आणि हात दुखेपर्यंत धुतला. त्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक काड्या उरल्या. त्या सोन्याच्या पाण्यात मिसळून तिने काचेच्या बशीत ओतल्या, वर खोकं पालथं घातलं आणि चिठ्ठी चिकटवली, 'हलवू नका. शिंकूही नका.' पाणी उडत जातं तशा या काड्या आपणहून थर रचतात. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित डावीकडे वळतो, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखा. टेबलाला कुणाचा धक्का लागला की सगळं मुसळ केरात. माझ्याआधीच्या एकोणनव्वद चकत्या तडकल्या होत्या. मी नव्वदावी.

पाचव्या दिवशी तिने खोकं उचललं. मी हिरवीगार झाले होते, कुठलाही रंग न लावता. तिने थ्रीडी सिनेमाचा चष्मा काढला. त्याच्या एका काचेतून मी झळाळत होते, दुसरीतून काळीठिक्कर दिसत होते. जिना नीट रचला गेल्याची ती खूण होती. ताई खुर्चीत बसून रडली आणि मग तिने घरी फोन लावला.

"आई, झाली गं एकदाची!"

"मग आता पदवी मिळेल ना?"

"परीक्षा झाली की मिळेल."

त्या परीक्षेचं काय झालं ते ऐका. छोटीशी खोली, खिडक्या बंद, बाहेरून आलेले परीक्षक, ताईचे सर आणि दाटीवाटीने बसलेली दहा-बारा माणसं. ताईने मला कोरड्या डबीत जपून आणलं होतं. सरांना मात्र मिरवायची घाई. त्यांनी मला डबीतून काढलं आणि चहाच्या ट्रेवर, उघड्या किटलीला खेटून ठेवलं. एवढी शिकलेली माणसं, पण वाफ कुणाला दिसली नाही. मी कापसाची जात. ओल लागली की फुगते, थरांमधलं अंतर वाढतं आणि माझा रंग बदलतो. ताईचं भाषण संपेपर्यंत मी लालभडक झाले होते.

"कागदावर हिरवा लिहिलाय. इथे तर लाल दिसतोय," परीक्षक म्हणाले.

ताईचा चेहरा उतरला. "सर, तिला ओल लागली आहे. दहा मिनिटं थांबा, सुकू द्या."

"दहा मिनिटांत काय जादू होणार आहे? आकडे घरी बसून लिहिलेत का?"

ताईने सरांकडे पाहिलं. तिचे सगळे आकडे त्यांनी स्वतः तपासून सही केली होती. ते एवढंच म्हणाले, "मलाही हे नवीनच आहे." मी तिथेच, सगळ्यांसमोर, हळूहळू पुन्हा हिरवी होत होते, पण तोवर खुर्च्या सरकल्या होत्या. ताईची पदवी गेली. महिन्याभरात ताईही प्रयोगशाळा सोडून गेली. मला एका खणात टाकलं, गंजलेल्या कात्रीशेजारी.

काही महिन्यांनी सर खणात काहीतरी शोधत होते. मी हाताला लागले, हिरवी. त्यांनी मला तोंडाजवळ नेलं आणि हाः करून श्वास सोडला. मी लाल झाले. ते थांबले. मी पुन्हा हिरवी झाले. त्यांना सगळं कळलं, मित्रांनो. मला वाटलं, आता ते ताईला फोन करतील. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

वर्षभरात बातम्या आल्या. 'ओल ओळखणारी अद्भुत चकती!' ज्या गुणापायी ताई खोटी ठरली, त्याच गुणासाठी सरांची पाठ थोपटली गेली. सत्काराला तेच परीक्षक आले होते. त्यांनी भरभरून टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्या दिवशी स्वतःची शिसारी आली.

आता मी दर्शनी दालनात, काचेच्या बंद पेटीत असते. मागच्या आठवड्यात शाळेची सहल आली होती. मुलांबरोबर त्यांच्या बाई होत्या. त्या बाई म्हणजे ताई. केस थोडे पांढरे झालेले.

एका मुलीने विचारलं, "बाई, ही कुणी बनवली?"

ताई पाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खाली लिहिलंय ना. वाच."

मुलीने मोठ्याने सरांचं नाव वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं. ताईने वहीत डोकावून पाहिलं. नावातली वेलांटी चुकली होती, ती तिने नीट करून दिली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. मी नाही म्हणणार. माझी उत्तम काळजी घेतली जाते. पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या आहेत, रोज कुणीतरी काच पुसतं. त्या दिवशी त्या खोलीत दहा मिनिटं थांबणारं मात्र कुणीच नव्हतं. तुम्ही कधी अशा खोलीत बसलात, तर तेवढं थांबा.